जमिनीकडून पाहिलेली मुंबई

(नागपुरात दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार.

दोनशे वर्षांपूर्वी आपल्या भागातला कापूस मुंबईला जात नव्हता. वऱ्हाडातली आणि नागपूरकडची रुई लमाणांच्या तांड्यांबरोबर, बैलांच्या पाठीवरून, उत्तरेला मिर्झापूरपर्यंत जायची. तिथे गंगेतल्या नावांवर चढायची आणि बंगालकडे उतरायची. आपल्या व्यापाराचं तोंड तेव्हा गंगेकडे होतं. मुंबई नावाचं बंदर पश्चिमेला आहे हे इथल्या सावकारांना माहीत असणार, पण मध्ये सह्याद्री उभा होता, जागोजागी जकातीची नाकी होती, आणि पावसाळ्यात तर वाटच बंद. १८२५च्या सुमारास पेस्तनजींच्या पारशी पेढीने हे धाडस केलं. वऱ्हाडातला कापूस बैलांवर लादून त्यांनी तो मुंबईला पोचवला. तिथून आपलं तोंड हळूहळू वळायला लागलं.

मी आज मुंबईची ओळख करून देणार आहे, पण सुरुवात मुद्दाम इथून केली. मुंबईबद्दल जे बोललं जातं ते बहुधा समुद्राकडून बोललं जातं. गेटवे, मरिन ड्राइव्ह, पोर्तुगीज आले, इंग्रज आले. आपण नागपूरकर त्या शहरात समुद्राकडून कधी शिरतच नाही. संध्याकाळी इथे गाडीत बसायचं, ८३७ किलोमीटर झोपेत कापायचे, आणि जाग येते तेव्हा कसाऱ्याचा घाट उतरत असतो. मला वाटतं, ही बाजू नुसती आपल्या सोयीची नाही, तीच जास्त खरी आहे. बंदराचं नशीब त्याच्या पाठीमागची जमीन ठरवते. मुंबईत इतक्या भाषांचे, इतक्या धर्मांचे लोक का जमले, याचंही उत्तर मला तिथेच दिसतं. माणसं मालाच्या मागोमाग आली. कुठला माल कुठून आला हे कळलं, की कुठली माणसं कुठल्या गल्लीत राहिली हे आपोआप कळतं.

आधी जागा पाहू. कुलाबा, धाकटा कुलाबा, मुंबई, माझगाव, परळ, वरळी, माहीम ही सात बेटं. पश्चिमेला उघडा अरबी समुद्र, आणि पूर्वेला बेटं आणि मुख्य भूमी यांच्यामध्ये एक लांबरुंद, खोल, वाऱ्यापासून आडोसा असलेली खाडी. आपण पर्यटक म्हणून जातो ती पश्चिमेची बाजू. शहर जगलं ते पूर्वेच्या बाजूवर. नावंच पाहा: बोरीबंदर, मस्जिद बंदर, वाडीबंदर, लकडी बंदर, कोळसा बंदर, दाणा बंदर. कुठे लाकूड उतरायचं, कुठे धान्य, हे त्या नावांतच लिहिलेलं आहे. भरती-ओहोटीचा फरक इथे मोठा असतो, उधाणाला चार मीटरांहून जास्त. म्हणून पुढे भिंती आणि दरवाजे घालून पाणी अडवणाऱ्या गोद्या बांधाव्या लागल्या. भरतीला दरवाजा उघडायचा, जहाज आत घ्यायचं, ओहोटीआधी बंद करायचा. त्यातल्या प्रिन्सेस डॉकचं खोदकाम चालू असताना चिखलाखाली एक बुडालेलं जंगल सापडलं, मुळांसकट उभी असलेली झाडं. कोणे एके काळी तिथे कोरडी जमीन होती आणि ती समुद्राखाली गेली, याचा तो पुरावा. विषयांतर झालं, पण सांगितल्याशिवाय राहवलं नाही.

१५३४ साली वसई आणि तिच्याबरोबर ही बेटं गुजरातच्या सुलतानाकडून पोर्तुगिजांकडे गेली. १६६१च्या विवाह-कराराने ती इंग्लंडच्या राजाला मिळाली, आणि १६६८ साली त्याने वर्षाला दहा पौंड भाड्याने ईस्ट इंडिया कंपनीला देऊन टाकली. कंपनीचा गव्हर्नर जेराल्ड ऑन्जिए याने व्यापाऱ्यांना बोलावणं धाडलं: या, वसाहत करा, तुमचा धर्म, तुमचे रिवाज पाळा, आम्ही आड येणार नाही. हे औदार्य होतं असं मी म्हणणार नाही. सुरतेसारखं भरलेलं बंदर शेजारी असताना ओसाड, तापाने भरलेल्या बेटांवर कोण येणार? माणसं हवी होती, म्हणून मोकळीक दिली. पण दिलेली मोकळीक रुजली, हेही तितकंच खरं. पारशी आले, गुजराती वाणी आले, आर्मेनियन आले. फोर्टातलं आर्मेनियन चर्च १७९६ सालचं आहे. त्याच साली मांडवीजवळ सॅम्युएल इझिकेल दिवेकर यांनी बेने इस्राएलांचं पहिलं सिनेगॉग बांधलं.

या दिवेकरांच्या समाजाबद्दल थोडं थांबून सांगायला हवं. अलिबागच्या किनाऱ्यावर शेकडो वर्षं राहिलेले हे ज्यू. तेल गाळण्याचा त्यांचा धंदा, शनिवारी घाणा बंद, म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणत. घरात मराठी, आडनावं गावांवरून पडलेली: दिवेकर, रोहेकर, पेणकर. कीर्तनाच्या चालीवर ते आपल्या धर्मग्रंथांतल्या कथा सांगत. तसेच कोकणी मुसलमान, जहाजांवरचे नाखवे आणि खलाशी. माहीमचे मखदूम अली माहिमी हे पंधराव्या शतकातले संत त्यांना आपले वाटतात, आणि आजही माहीमच्या उरुसाला मुंबई पोलिसांची चादर मानाने चढते. तसेच वसई-वांद्र्याचे ख्रिस्ती, ज्यांनी १८८७ साली ईस्ट इंडियन हे नाव स्वतःला घेतलं. त्यांच्या लग्नातली गाणी आजही मराठीत आहेत. कोळी, आगरी, पाठारे प्रभू तर होतेच. म्हणजे बहुभाषिक मुंबईच्या मुळाशीच एक मराठी बोलणारं पण अनेक धर्मांचं कोकण आहे. मराठी माणूस म्हणजे कोण, याचं उत्तर देताना आपण हे लोक विसरतो आणि स्वतःचंच नुकसान करून घेतो.

तरीही पहिली दीडशे वर्षं मुंबई मोठी झाली नाही. पाठीमागची जमीन मराठ्यांची होती. १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसई घेतली तेव्हा मुंबईच्या इंग्रजांनी धास्तीने किल्ल्याभोवती खंदक खणायला घेतला. जमीन बंद असलेलं बंदर समुद्रावरच जगणार. सुरतेहून आलेले लवजी नसरवानजी वाडिया आणि त्यांचे वंशज मलबारच्या सागवानाची जहाजं बांधत राहिले. त्यांच्या गोदीत १८१७ साली बांधलेलं ट्रिंकोमाली इंग्लंडमध्ये हार्टलपूलला अजून पाण्यावर तरंगतंय. त्याच गोदीतलं दुसरं जहाज कॉर्नवॉलिस. चीनला अफूच्या युद्धात हरवून १८४२चा नानकिंगचा तह त्याच्याच डेकवर झाला. आणि अफू कुठली? माळव्यातली. मुंबईहूनच चीनला जात होती. जमशेदजी जीजीभॉय आणि त्या पिढीतल्या अनेकांची संपत्ती या व्यापारातून आली. जे. जे. रुग्णालय, माहीमचा कॉजवे, शाळा, धर्मशाळा हे त्या पैशाने उभं राहिलं. त्यांचं दातृत्व मोठं होतं, आणि तो पैसा चीनमधल्या लाखो घरांच्या नाशातून आला होता. दोन्ही गोष्टी एकाच वाक्यात सांगायची आपल्याला सवय व्हायला हवी.

आता आपल्याकडे येऊ. १८५३ साल डोळ्यांसमोर आणा. १६ एप्रिलला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली आगगाडी सुटते. नाना शंकरशेट त्या रेल्वेच्या पहिल्या पुरस्कर्त्यांपैकी एक. त्याच वर्षी निजामाकडून वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात येतं. त्याच वर्षी गव्हर्नर जनरल डलहौसी रेल्वेबद्दल आपलं प्रसिद्ध टिपण लिहितो, आणि त्यात इंग्लंड कापसासाठी टाहो फोडत आहे असं उघड म्हणतो. पुढच्या वर्षी नागपूरचं भोसल्यांचं राज्य खालसा होतं. रेल्वे, वऱ्हाड, नागपूर ही तीन वेगळी प्रकरणं म्हणून आपण शाळेत शिकलो. मुंबईच्या धक्क्यावर उभं राहून पाहिलं तर ते एकच प्रकरण आहे. १८६५ साली थळ घाटातला लोहमार्ग खुला झाला आणि १८६७ साली गाडी नागपूरला पोचली. हा घाट फोडताना साथीने आणि अपघातांनी किती मजूर गेले, त्यांची नावं कुठल्या फलकावर नाहीत.

रेल्वे आपल्यापर्यंत पोचायच्या आधीच मोठा भूकंप होऊन गेला होता. १८६१ साली अमेरिकेत यादवी सुरू झाली. लँकेशायरच्या गिरण्यांचा सुमारे ऐंशी टक्के कापूस अमेरिकेतून यायचा, तो बंद पडला. मुंबईत कापसाला मागाल तो भाव. पैसा इतका आला की ठेवायला जागा नाही. बँका निघाल्या, समुद्र बुजवण्याच्या कंपन्या निघाल्या, त्यांच्या शेअरांवर सट्टा झाला. प्रेमचंद रायचंद या बाजाराचे राजे. १८६५च्या वसंतात अमेरिकेतलं युद्ध संपलं, भाव कोसळला, आणि १ जुलै १८६५ला वायद्यांची मुदत भरली तेव्हा मुंबईतली मोठमोठी घराणी बुडाली. मुंबईची १८६४ची शिरगणती सांगते ८,१६,५६२ माणसं. १८७२ची सांगते ६,४४,४०५. आठ वर्षांत शहर दीड लाखांहून अधिकांनी आटलं. समुद्र बुजवून मिळालेली जमीन राहिली, प्रेमचंदांच्या देणगीतून त्यांच्या आईच्या नावाचा राजाबाई टॉवर राहिला. वऱ्हाडातल्या शेतकऱ्याकडे काय राहिलं? चढ्या भावात ज्वारीच्या जागी पेरलेली पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, आणि भाव उतरल्यावर सावकाराची वही.

इथे एका माणसाचं नाव घेतलं पाहिजे: रिव्हेट-कार्नॅक, मध्य प्रांत आणि वऱ्हाडचा कॉटन कमिशनर. १८६०च्या दशकाच्या अखेरीस त्याने सरकारला लिहून ठेवलं आहे की रेल्वेमुळे विलायती कापड आतवर स्वस्त पोचेल, इथला हातमाग त्यापुढे टिकणार नाही, आणि सूतकताई-विणकामात अडकलेली माणसं शेतीच्या मजुरीला मोकळी होतील. त्याला ही आशेची गोष्ट वाटत होती. या सभागृहात ज्यांचे आजे-पणजे कोष्टी होते, ज्यांच्या घरात महालात किंवा गोळीबार चौकाच्या बाजूला माग होता, त्यांना हे ऐकून काय वाटत असेल ते मी समजू शकतो. ज्या गाडीने रुई मुंबईला गेली, त्याच गाडीने मँचेस्टरचं लुगडं परत आलं.

पण एक गोष्ट आणखीही झाली, जी फार कमी सांगितली जाते. बंदर आपल्यापर्यंत चालत आलं. खामगाव, अकोला, अमरावती, हिंगणघाट या बाजारांत ग्रीक राली ब्रदर्सचे एजंट आले. स्वित्झर्लंडच्या विंटरथूरची व्होल्कार्ट ब्रदर्स ही पेढी आली. पुढे जपानी कंपन्या आल्या. कच्छी, मारवाडी अडते आणि दलाल, पारशी जिनवाले, गाठी बांधणारे हमाल, रेल्वेचे गोवेकर आणि अँग्लो-इंडियन गार्ड-ड्रायव्हर. पश्चिम वऱ्हाडातल्या खामगावसारख्या बाजारगावात हंगामात चार-पाच देशांची माणसं एका रुईच्या ढिगाभोवती उभी असत. म्हणून मुंबई बहुरंगी आणि आपण एकरंगी, ही समजूत मला पटत नाही. तिचे रंग आपल्या बाजारांतूनही गेले आहेत.

जमशेदजी टाटांना हे नेमकं कळलं होतं. मुंबईत गिरण्या निघून वीस वर्षं झाली होती. दावरांची पहिली गिरणी ताडदेवला १८५४ साली स्थापन झाली. टाटांनी हिशेब मांडला: कापूस विदर्भातला, कोळसा वरोऱ्याचा, गिऱ्हाईक इकडचंच, मग गाठी आठशे किलोमीटर ओढून न्यायच्या कशाला? १ जानेवारी १८७७ला एम्प्रेस मिल सुरू झाली. तिचे व्यवस्थापक बेझनजी मेहता हे रेल्वेच्या मालखात्यातून आलेले. कापडाचा अनुभव नाही, पण मालाच्या वाटा पाठ. सूत काढायच्या नव्या रिंग चात्या भारतात आधी जिथे आल्या त्या ठिकाणांत ही गिरणी होती. नागपूरने मुंबईला नुसता कच्चा माल द्यायचा नाही, हा विचार दीडशे वर्षांपूर्वी इथे प्रत्यक्षात आला होता.

परत बंदराकडे. १८६९ला सुएझ कालवा उघडला आणि मुंबईहून युरोपची समुद्रवाट खूपच कमी झाली. १८७३ला पोर्ट ट्रस्ट, १८७५ला ससून डॉक, १८८०ला प्रिन्सेस, १८८८ला व्हिक्टोरिया, १९१४ला अलेक्झांड्रा. ससून हे बगदादहून आलेलं ज्यू घराणं. डेव्हिड ससून १८३२ साली मुंबईत आले. त्यांच्या मुलाने बांधलेल्या गोदीत आज पहाटे मासळीचा लिलाव होतो, आणि तिथे कोळणीचा शब्द चालतो. गोदीला लागून भात बाजार, काथा बाजार, मिरची गल्ली. कच्छी भाटिया आणि लोहाणा, खोजे, बोहरी, मेमन यांच्या पेढ्या. वरच्या मजल्यावर घर, खाली दुकान, मागे गोदाम. माझगावात चिनी खलाशांची आणि सुतारांची वस्ती, त्यांचं छोटं देऊळ अजून आहे. बांधकामावर तेलंगणातले कामाठी. डोक्यावर आणि पाठीवर ओझं वाहणारे सातारा-सांगलीकडचे लोक, ज्यांच्यासाठी अण्णासाहेब पाटील लढले आणि १९६९ साली माथाडी कायदा झाला. गोदी कामगारांचे पुढारी पी. डिमेलो मंगळूरकडचे, गोदीला समांतर जाणाऱ्या रस्त्याला आज त्यांचं नाव आहे.

कापसाचा मुक्काम या शहरात दोनदा हलला. आधी फोर्टात, सेंट थॉमस चर्चपुढच्या मैदानात गाठींचे ढीग पडायचे. १८४०च्या दशकात बाजार कुलाब्याला गेला. विसाव्या शतकात शिवडीला, पोर्ट ट्रस्टच्या मोठ्या गोदामांत. हार्बर लाइनवर कॉटन ग्रीन नावाचं स्टेशन आहे. तिथे हिरवळ नाही, कापूसही जवळपास नाही. पण कापूस बाजाराची जुनी इमारत उभी आहे, आणि यवतमाळच्या, वर्ध्याच्या शेतातल्या बोंडाचा भाव कित्येक दशकं त्या इमारतीत ठरत होता. आपल्या जिल्ह्यांतल्या किती घरांत लग्नं लांबली, किती घरांत सोनं आलं, ते तिथल्या ओरडाआरड्यावर ठरलं. माझ्या मते नागपूरच्या माणसाने मुंबईत बघायची पहिली जागा ती आहे.

आता गिरणगाव. लालबाग, परळ, लोअर परळ, भायखळा. कोकणातून आणि घाटावरून आलेला चाकरमानी, एका खोलीत गावचे वीस-वीस जण, पाळीप्रमाणे झोपायचं, खानावळीत जेवायचं. नोकरी जॉबरच्या, म्हणजे कामगार भरणाऱ्या मुकादमाच्या हातात, आणि जॉबर आपल्या गावची, आपल्या जातीची माणसं भरणार. त्यामुळे गिरणीचं एकेक खातं म्हणजे एकेका मुलखाचा तुकडा. सगळे एका छपराखाली होते, हे खरं. सगळे बरोबरीने होते, हे खरं नाही. साचेखात्यात, म्हणजे विणकामाच्या खात्यात, पगार जास्त. तिथे दलित कामगारांना घेत नसत. कारण काय, तर धोट्यात नवी कांडी भरली की सुताचं टोक तोंडाने ओढून घ्यावं लागे, आणि अस्पृश्याच्या तोंडाला लागलेला धोटा इतरांना चालत नसे. १९२८चा मोठा संप झाला तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न लावून धरला: कामगारांच्या मागण्यांत ही मागणी का नाही? लाल बावट्याच्या पुढाऱ्यांकडे त्याला चांगलं उत्तर नव्हतं.

बाबासाहेब स्वतः परळच्या बीआयटी चाळीत राहिलेले, गिरणी कामगारांच्या शेजारी. अनेक धर्मांच्या, अनेक जातींच्या शहराने त्यांना कॉलेज दिलं, वर्तमानपत्र काढायला जागा दिली, चळवळीला माणसं दिली. पण जुना धर्म सोडण्यासाठी त्यांनी नागपूर निवडलं. १४ ऑक्टोबर १९५६ची दीक्षाभूमी आणि ७ डिसेंबर १९५६ची दादरची चौपाटी, यांच्यामध्ये आठ आठवडेसुद्धा नाहीत. दरवर्षी ६ डिसेंबरच्या आधी नागपूरहून दादरला विशेष गाड्या सुटतात आणि लाखो माणसं चैत्यभूमीवर पोचतात. कापसाच्या गाठींसाठी टाकलेला तो लोहमार्ग. त्यावरून आज जे जातं त्यातली ही सगळ्यात मोलाची गोष्ट आहे, असं मी मनापासून मानतो.

बंदराने दुखणीही आणली. १८९६ला मांडवीच्या गोदामांजवळ प्लेग निघाला, डॉ. व्हिएगस या गोव्याच्या डॉक्टरांनी तो ओळखला, आणि रशियातून आलेल्या हाफकिन या ज्यू शास्त्रज्ञाने भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात लस तयार करून जानेवारी १८९७मध्ये आधी स्वतःला टोचून घेतली. १४ एप्रिल १९४४ला व्हिक्टोरिया डॉकमध्ये फोर्ट स्टिकिन जहाजाचा स्फोट झाला. युद्धाचा दारूगोळा आणि कापसाच्या गाठी एकाच जहाजात भरल्या होत्या; आग कापसात लागली. शेकड्यांनी माणसं मेली, गोदीला लागून असलेल्या वस्त्या भुईसपाट झाल्या. अग्निशमन दल तो दिवस अजून पाळतं.

१९५६ साली राज्य पुनर्रचना झाली, नागपूरची राजधानी गेली आणि आपण मुंबईला जोडले गेलो. १९५३चा नागपूर करार, हिवाळी अधिवेशन, अनुशेषाची भांडणं, वेगळ्या विदर्भाची मागणी, हे सगळं तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे, त्यात आज शिरत नाही. एवढंच म्हणतो की मुंबईवर विदर्भाचा हक्क १९६०च्या नकाशाने दिलेला नाही. तो त्याआधीच्या शंभर वर्षांच्या मालाने आणि घामाने कमावलेला आहे, आणि राज्याचा नकाशा उद्या कसाही असला तरी तो हिशेब पुसला जाणार नाही.

१८ जानेवारी १९८२ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले, आणि त्यातले बहुतेक परत कधी आत गेले नाहीत. फिनिक्स मिलच्या जागी मॉल आला. आपल्याकडे एम्प्रेस मिलच्या जागी मॉल आला. दोन्हीकडे नाव तेवढं ठेवलं. संपाबरोबर जॉबर गेला, पाळी गेली, खानावळ गेली, आणि वेगवेगळ्या मुलखांच्या माणसांना रोज एकमेकांच्या अंगाला अंग लावून काम करायला भाग पाडणारी जागाही गेली. दहा वर्षांनी, डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३मध्ये, याच शहरात दंगलीत सुमारे ९०० माणसं मेली. मार्चच्या बाँबस्फोटांत आणखी २५७. गिरण्या चालू असत्या तर हे झालंच नसतं, असं मी म्हणणार नाही. गिरण्या चालू असतानाही दंगली झाल्या आहेत. पण ज्याच्याशी रोजचं काम पडतं आणि ज्याच्याशी पडत नाही, त्यांच्याबद्दलची भीती सारखी नसते.

आणि मग कंटेनर. २६ मे १९८९ला खाडीपलीकडे न्हावा शेवाचं बंदर सुरू झालं. देशातल्या कंटेनरचा फार मोठा भाग आज तिथून जातो. नागपूरच्या डेपोत कंटेनरला सील लागतं, तो रेल्वेच्या वाघिणीवर चढतो, न्हावा शेव्याला क्रेनने उचलला जातो आणि जहाजात जातो. मुंबई शहरातल्या एकाही माणसाचा हात त्याला लागत नाही. भात बाजार नको, दलाल नको, माथाडी नको, कांदेवाडीतली खोली नको. व्यापाराच्या दृष्टीने हे उत्तम आहे. माल लवकर जातो, चोरी कमी, मोडतोड कमी. पण ज्या यंत्रणेने तीनशे वर्षं या शहरात नवनवी माणसं ओढून आणली आणि एकमेकांशेजारी बसवली, ती यंत्रणा बंदरातून निघून गेली. मुंबई आजही बहुभाषिक आहे. बँका, सिनेमा, बांधकाम, डिलिव्हरीची पोरं, घरकाम, या कामांमागे माणसं येतच आहेत. पण ती आता एका धक्क्यावर उतरत नाहीत, आणि एका चाळीत राहत नाहीत. काही सोसायट्या तर आडनाव आणि जेवण विचारून घर देतात.

पूर्व किनाऱ्यावरच्या गोदामांची, जुन्या गोद्यांची शेकडो एकर जमीन रिकामी होत चालली आहे आणि तिचं काय करायचं याच्या योजना गेली अनेक वर्षं फिरत आहेत. १२ जानेवारी २०२४ला अटल सेतू खुला झाला. २१.८ किलोमीटरचा हा पूल शिवडीहून निघतो आणि न्हावा शेव्याच्या बाजूला उतरतो. म्हणजे जुन्या कापूस बाजाराच्या दारातून नव्या बंदराच्या दारात. त्या जमिनीवर कोळीवाडे आहेत, कामगारांच्या वस्त्या आहेत, दारूखाना नावाच्या भागात जहाजं तोडणारे आहेत. तिथे काय बांधायचं हा प्रश्न फक्त मुंबईकरांचा आहे असं मला वाटत नाही. ते बंदर ज्यांच्या मालाने वाढलं त्या जिल्ह्यांनीही त्यावर बोललं पाहिजे. निदान कापसाचं एक चांगलं संग्रहालय तिथल्या एका गोदामात व्हावं, आणि त्यात वऱ्हाडच्या शेतकऱ्याची आणि नागपूरच्या कोष्ट्याची बाजू असावी, एवढं तरी मागता येईल.

दुसरी गोष्ट आपल्या घरची. समृद्धी महामार्ग ५ जून २०२५ला पूर्ण खुला झाला, ७०१ किलोमीटर. विमानतळालगतचा मिहान प्रकल्प आहे, गोदामं वाढत आहेत, नागपूर मालवाहतुकीचं केंद्र होणार असं रोज ऐकतो. व्हावंच. पण माल येतो तेव्हा माणसं येतात. ट्रकवर पंजाब-हरियाणाचा ड्रायव्हर, गोदामात छत्तीसगडचा आणि बिहारचा मजूर, शीतगृहात आंध्रचा मिस्त्री. बुटीबोरीला, हिंगण्याला ही माणसं आज राहतात, आणि कशी राहतात ते तिथे जाऊन पाहा. बंदराची जी कामं आपण आता अंगावर घेत आहोत, त्यांच्याबरोबर खोल्या, पाणी, दवाखाना, मुलांची शाळा आणि कामाची हमी यांचीही जबाबदारी येते. मुंबईने ती कधी वेळेवर घेतली नाही. प्लेग आल्यावर चाळी बांधल्या, हमालांच्या कित्येक पिढ्या झिजल्यावर कायदा केला. आपल्यासमोर तो सगळा अनुभव आहे, आपल्याला थांबायचं कारण नाही.

शेवटी एक विनंती. तुमच्यापैकी कुणाच्या घरी अडतीच्या जुन्या वह्या असतील, जिनिंग-प्रेसिंगच्या पावत्या असतील, मुंबईच्या पेढीशी झालेला पत्रव्यवहार असेल, एम्प्रेस मिलचं हजेरीपत्रक किंवा पगाराचं पाकीट असेल, आजोबांच्या मागाचा धोटा असेल, तर तो रद्दीत घालू नका. मुंबईचा इतिहास आजवर बहुतेक मुंबईतल्या कागदांवरून लिहिला गेला. दुसऱ्या बाजूचे कागद खामगावच्या माळ्यावर आणि इतवारीतल्या कपाटांत पडले आहेत. ते जवळच्या एखाद्या ग्रंथालयाला किंवा विद्यापीठाच्या इतिहास विभागाला दाखवा, निदान फोटो काढून ठेवा. व्याख्यानानंतर मी इथे थांबणार आहे. ज्यांच्याकडे असं काही आहे त्यांनी आवर्जून भेटावं. आणि आता तुमचे प्रश्न घेतो.